उत्तर नको, रीत दाखवा

दर चार-सहा महिन्यांनी विमानांच्या सिम्युलेटरवर रमणारी हौशी मंडळी एक यादी करतात. कुठली जुनी विमानं पुन्हा "जिवंत" व्हायला हवीत, त्याची. यादी बहुतेक ठरलेली असते. वर कॉन्कॉर्ड. मग लॉकहीड कॉन्स्टेलेशन, ती तीन शेपट्यांची देखणी बाई. मग कॉमेट, व्हिकर्स व्हायकाउंट, व्हीसी-१०, ट्रायस्टार. यादी वाचून मला आनंद होतो. पण तिच्या खालच्या अटी वाचल्या की तोच आनंद पार मावळतो. अटी अशा : इंजिनं एका बटणावर सुरू व्हावीत, आत जीपीएस असावा, इंधनाचं काय ते संगणकाने आपोआप बघावं, आणि रंग मात्र १९५८ सालच्या फोटोशी तंतोतंत जुळावा.

रंगाच्या एका छटेवरून ही माणसं आठवडाभर भांडतील. पण मिश्रणाच्या दांड्याला हात लावायची वेळ आली की म्हणतील, "कशाला ती कटकट?"

माझं भांडण आहे ते इथे.

आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिम्युलेटर म्हणजे घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा कार्यक्रम. मायक्रोसॉफ्टचा पहिला १९८२ साली आला. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली त्या २००३ साली त्यांनी खास आवृत्ती काढली आणि तिच्यात राइट फ्लायर, व्हिकर्स व्हिमी, फोर्ड ट्रायमोटर, डीसी-३ अशी जुनी विमानं दिली. पुढे २०२० आणि २०२४ साली नव्या आवृत्त्या आल्या, त्यांत अख्खी पृथ्वी उपग्रहाच्या चित्रांवरून उभी केलेली आहे. याशिवाय एक्स-प्लेनसारखे दुसरे कार्यक्रमही आहेत. मूळ कार्यक्रमात नसलेली विमानं बाहेरचे लोक बनवतात, काही विकत, काही फुकट. या याद्या त्यांच्यासाठीच असतात. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी यात का पडावं, असं आमची भाचेमंडळी विचारतात. त्यांनी विचारत राहावं, मी उडत राहीन.

तर मुद्दा. माझं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. जुनी विमानं पुन्हा उभी करायची तर ती पडद्यावरच करावीत, तिकिटं विकून खऱ्या आकाशात नव्हे. आणि पडद्यावर करायची तर त्यांच्या कष्टांसकट करावीत.

पहिल्या वाक्यावर बरेच जण चिडतील, म्हणून आधी तेच घेते.

लुफ्तान्साने २००७ साली लिलावात तीन जुनी कॉन्स्टेलेशन घेतली. नेमकं सांगायचं तर शेवटच्या पिढीची, एल-१६४९ स्टारलायनर. त्यातून एक उडतं विमान करायचं होतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात दहा वर्षं काम चाललं. विमान कंपनीचा पैसा, उत्तम कारागीर, कशालाच कमी नव्हतं. २०१८ साली त्यांनी काम थांबवलं, विमान सुटं केलं आणि जर्मनीला नेलं. ते एकदाही उडलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपलं नाही, ते वर्गणी काढून होईल असं ज्यांना वाटतं त्यांच्या आशावादाला माझा नमस्कार.

त्याच २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात युंकर्स-५२ हे १९३९ साली बांधलेलं विमान कोसळलं. हौसेने तिकीट काढून बसलेले प्रवासी आणि कर्मचारी मिळून वीस माणसं गेली. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर असंच हौशी प्रवाशांना घेऊन निघालं आणि परत उतरताना पडलं. सात माणसं गेली. दोन्ही वेळा चौकशीत विमान चालवण्यातल्या चुका निघाल्या, शिवाय देखभालीतल्या त्रुटीही निघाल्या. म्हणजे जुनं विमान म्हणजे नुसता जुना पत्रा नसतो. त्याला रोज त्याच कामात असलेली माणसं लागतात, वैमानिक आणि मेकॅनिक दोन्ही. १९५० साली ती प्रत्येक विमानतळावर होती, आज बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ऑस्ट्रेलियात एक कॉन्स्टेलेशन जाणकार लोकांनी जिवापाड सांभाळून उडतं ठेवलं आहे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण हौस म्हणून लोकांना बसवून फिरवायचं हे दिवस संपले, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कॉन्कॉर्ड? त्याच्या पुनर्जन्माच्या बातम्या अधूनमधून येतात. २००३ साली एअर फ्रान्सने मे महिन्यात आणि ब्रिटिश एअरवेजने ऑक्टोबरमध्ये प्रवासी उड्डाणं थांबवली. एअरबसने त्या विमानाचा पाठिंबा काढून घेतला. सुटे भाग नाहीत, परवाना नाही, वैमानिक निवृत्त. बांधली गेली वीस, त्यातली अठरा आज संग्रहालयांत आणि विमानतळांवर उभी आहेत. ती उडणार नाहीत.

मग उरतं काय? संग्रहालयात जाऊन विमान पाहता येतं. पंखाखाली उभं राहता येतं. काही ठिकाणी आत शिरून काचेपलीकडची कॉकपिट बघता येते. शेकडो घड्याळं आणि बटणं दिसतात आणि आपण "बाप रे" म्हणून बाहेर पडतो. कशासाठी काय होतं, कुणी कधी काय फिरवायचं, हे तिथे कळत नाही. आणि विमान म्हणजे खरं तर तेच. पत्रा हे त्याचं शरीर झालं. ते चालवण्याची जी रीत होती, त्यात त्याचा प्राण होता. पत्रा संग्रहालयात टिकतो. रीत टिकवायची जागा आज एकच आहे, ती म्हणजे हा आपला सिम्युलेटर. म्हणून मला त्याचा एवढा पुळका.

कॉन्कॉर्डचंच उदाहरण घ्या. ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण वेग वाढू लागला की पंखांवरच्या उचल देणाऱ्या बलाचा मध्य मागे सरकतो, आणि विमानाचं नाक खाली जाऊ पाहतं. नाक शेपटीच्या पडद्यांनी वर उचलून धरावं तर हवेचा अडथळा वाढतो. त्यात कॉन्कॉर्डला तसली शेपटीच नव्हती. मग त्यांनी काय केलं? विमानाचा तोलच मागे नेला. पुढच्या टाक्यांतलं इंधन मागच्या टाकीत पंपाने ढकलायचं, वीसेक टनांच्या घरात, आणि वेग कमी करताना तेच परत पुढे आणायचं. हे काम फ्लाइट इंजिनिअरचं. दोन वैमानिकांच्या मागे, उजव्या भिंतीकडे बसलेला तिसरा माणूस. त्याच्यासमोरचा फलक वैमानिकांच्या फलकापेक्षा मोठा होता.

उड्डाणात ते विमान तापून लांब व्हायचं, जवळजवळ वीतभर. त्यामुळे या इंजिनिअरच्या फलकाशेजारी एक फट पडायची आणि विमान थंड झालं की मिटायची. निवृत्तीच्या शेवटच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत सरकवून ठेवली. विमान गार झालं, फट मिटली, टोपी तिथेच अडकली. निरोप घ्यायची याहून चांगली पद्धत मला सुचत नाही.

आता याच कॉन्कॉर्डच्या सोप्या आवृत्तीची मागणी बघा. इंजिनिअरची खुर्ची चित्रातली, इंधन आपोआप इकडून तिकडे, वाट दाखवायला जीपीएस. खऱ्या कॉन्कॉर्डमध्ये जायरोंवर चालणारी दिशादर्शक यंत्रं होती. निघण्यापूर्वी विमान जागेवर उभं असताना त्यांना आपलं ठिकाण सांगून स्थिर होऊ द्यावं लागे, आणि वाटेतले टप्पे एका वेळी नऊच भरता येत. पुढचे टप्पे उडता उडता भरायचे. चूक केली तर भलतीकडे. हे सगळं काढून टाकलं तर उरतो एक पांढरा, टोकदार, वेगवान खेळणा. त्याला कॉन्कॉर्ड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. गणित माझा विषय नव्हता, पण गणिताच्या पेपरातला एक नियम मला सगळ्या विषयांना लागू करावासा वाटे. नुसत्या उत्तराला एक गुण, रीतीला बाकीचे. शेवटच्या पानावरून उत्तर उतरवणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबरच असतं हो, पण त्याला गणित आलेलं नसतं. कंट्रोल आणि ई ही दोन बटणं एकदम दाबली की मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये इंजिनं आपोआप सुरू होतात. ते शेवटचं पान.

कॉन्स्टेलेशनची चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर, एकूण बहात्तर. सुरू करताना आधी पंखा नुसता फिरवायचा आणि पाती मोजायची, खालच्या सिलिंडरांत तेल साचलेलं असलं तर इंजिन फुटू नये म्हणून. मग ठिणगी, मग इंधन, मग धुराचा लोट, आणि एकेक सिलिंडर बोलू लागतो. इंजिनांवरची झापडं जमिनीवर उघडी ठेवायची, वर गेल्यावर बेताने मिटायची. फार मिटली तर मागच्या रांगेतले सिलिंडर तापतात, फार उघडी राहिली तर विमान मंदावतं. चार इंजिनांचं हे गणित तासन् तास सांभाळणारा एक माणूस असे. स्वयंपाकघरात चार शेगड्यांवर चार भांडी ठेवून जी बाई एकाही भांड्याला उतू जाऊ देत नाही, तिला हे काम लगेच कळेल.

या विमानाशी आपलं नातं आहे, म्हणून जरा थांबते. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं "मलबार प्रिन्सेस" मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं ते कॉन्स्टेलेशनच. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळलं, अठ्ठेचाळीस माणसं गेली. आणि ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून जाकार्ताला निघालेल्या "काश्मीर प्रिन्सेस"मध्ये बॉम्ब फुटला. बांडुंग परिषदेला जाणारे लोक त्यात होते. कॅप्टन होते जटार. पंख पेटलेला असताना त्यांनी विमान समुद्राकडे नेलं, कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना लाइफ जॅकेटं दिली, दारं उघडली. रेडिओ बंद पडण्यापूर्वी तीन वेळा संकटाचा संदेश गेला, नातुना बेटांजवळ आहोत म्हणून. एकोणीस जणांपैकी तिघं वाचली : सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल-अभियंता अनंत कर्णिक. कर्णिकांनी पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं.

त्या संदेशाकडे नीट बघा. समुद्रावर, चोहीकडे पाणी, जीपीएस नाही. तरी आपण कुठे आहोत हे सांगता आलं. कारण त्या काळच्या विमानात कुणीतरी वेग, वारा आणि वेळ यांचा हिशोब नकाशावर सतत मांडत बसलेलं असे. रात्री छतातल्या काचेच्या घुमटातून ध्रुव, स्वाती, अगस्ती यांची उंची मोजत असे. त्या विमानात हिशोब करणाऱ्यासाठी एक टेबल होतं, इंजिनिअरसाठी एक खुर्ची होती. आज पडद्यावर आपण कॉन्स्टेलेशन "जिवंत" करतो, शेपटीवरची अक्षरं बरोबर काढतो, आणि ते टेबल नि ती खुर्ची रिकामी ठेवतो. हे पुनरुज्जीवन नव्हे. हा फोटोला घातलेला हार आहे.

आता समोरच्यांची बाजू. ती दुबळी नाही. लोक म्हणतात, आम्ही दिवसभर नोकरी करतो, रात्री अर्धा तास मिळतो, त्यात पंचवीस मिनिटं इंजिनं सुरू करण्यात घालवू का? कुणाचे हात थरथरतात, कुणाची नजर कमी. खेळ हा खेळ आहे, बाई, परीक्षा नव्हे.

मान्य. यावर मला शिवलेल्या नऊवारीचं उदाहरण सुचतं. हल्ली नऊवारी विजारीसारखी शिवून मिळते, पाय घातले की झालं. लग्नात, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली ती घालतात, छान दिसतात, दुचाकीही चालवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण उद्या शिवलेलीच तेवढी दुकानात मिळू लागली आणि नेसायची कशी हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही, तर नऊवारी टिकली असं आपण म्हणू का? बटण असू द्या. अर्ध्या तासवाल्यांनी ते खुशाल दाबावं. माझी मागणी एवढीच की बटणामागे खरी रीत भरलेली असावी. ज्याला शिकायचं त्याला शिकता यावं, आणि झापडं मिटायला विसरलं तर इंजिन खरोखर तापावं. असं विमान बनवणारे आहेत, थोडे आहेत. त्यांच्या कामाला वेळ लागतो, किंमत जास्त पडते, आणि "फार अवघड आहे" अशी तक्रार करणारे आपलेच लोक त्यांना निरुत्साही करतात. याद्या करणाऱ्यांनी रंगाऐवजी रीत मागितली तर बनवणारेही ती देतील.

दुसरी गोष्ट. जुन्या विमानाला जुनं आकाशही लागतं. सिम्युलेटर आजच्या नकाशावर चालतो. जुनी विमानं ज्या रेडिओ-दीपांच्या आधाराने वाट काढत, ते जगभर एकेक करून बंद होत आहेत, आणि आज बंद झालेला दीप उद्या सिम्युलेटरच्या माहितीतूनही जातो. मग जुन्या कॉकपिटातला काटा कशाकडे वळणार? बिचारा गोल गोल फिरतो, आणि आपण हळूच जीपीएस उघडतो.

तिसरी गोष्ट, आणि ही जास्त झोंबेल. तुमच्या याद्यांत सगळ्या राण्याच का? कष्टकरी विमानं कुठे आहेत? व्हायकाउंट यादीत असतं, पण ब्रिटिश रंगात. आपल्या इंडियन एअरलाइन्सने १९५७ पासून व्हायकाउंट उडवली, पुढे फोकर फ्रेंडशिप, मग कानपूरला बांधलेली ॲव्रो. तिन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं डार्ट हेच इंजिन, तीच ती कानात जाणारी शिटी. भर उन्हाळ्यात हवा विरळ होऊन जोर कमी पडला तर उड्डाणाच्या वेळी या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल सोडायची सोय असे. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा पहिला विमानप्रवास या शिटीबरोबर झाला. कॉन्कॉर्डमध्ये आपल्यापैकी कोण बसलं होतं?

माझी यादी एका ओळीची आहे. नागपूरची रात्रीची टपाल सेवा, डाकोटा विमानासह. १९४९ साली ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटायचं, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत घरी परतायचं. डाकोटा दहा हजारांवर बांधली गेली, सिम्युलेटरमध्ये ती आहेच. नव्हे, २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत जुन्या उपकरणांची आणि नव्या पडद्यांची अशी दोन्ही रूपं दिली आहेत. सोनेगावचा विमानतळही आहे. नाहीत ते त्या वेळचे रेडिओ-दीप, ते अंधारे आकाश, ती पिशव्यांची घाई, पावसाळ्यात सह्याद्री ओलांडतानाचा तो धसका. ही सेवा कुणी रीतीसकट पडद्यावर आणेल का? त्यासाठी मी कितीही रात्री जागेन.

पण ती आणायची तर माहिती लागेल, आणि ती कंपन्यांच्या कपाटांपेक्षा घरांत जास्त असेल. कॉन्स्टेलेशनवर काम केलेली माणसं आज नव्वदीच्या पुढची, व्हायकाउंट आणि ॲव्रोवाली ऐंशीच्या आसपास. कॉन्कॉर्डचे इंजिनिअरही म्हातारे झाले. विमानाचं माहितीपत्रक एखाद्या वेळी सापडेल. "या विमानाचं तिसरं इंजिन थंडीत रुसायचं, तेव्हा आम्ही असं करायचो" हे कुठल्याच पत्रकात नसतं. ते त्या माणसाबरोबर जातं.

म्हणून ब्लॉगवाल्या मित्रांना आणि आपल्या घरच्यांना माझी विनंती. एअर इंडियात, इंडियन एअरलाइन्समध्ये, वायुदलात, कानपूरच्या कारखान्यात कुणी काका, मामा, शेजारचे आजोबा होते का, ते आठवा. असतील तर जाऊन बसा त्यांच्याजवळ. फोनवर बोलणं टिपून घ्या. किती लोक भेटले, कुठे कुठे गेलात, हे विचारूच नका. सकाळी विमानापाशी गेल्यावर पहिला हात कुठे लावायचात, तिथून सुरुवात करा. आणि ते गेले असतील तर त्यांची लॉगबुकं, टिपणवह्या, तेलाचे डाग पडलेली पुस्तकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. नको असतील तर मला पाठवा, टपालखर्च मी देईन.